सहवासाची झीज

आमच्या काकांच्या घरामागे पत्र्याची एक पडवी होती, आणि त्या पडवीच्या खिडकीलगत, पाने-पकडी टांगण्याच्या खुंट्यांच्या रांगेत, सागवानाची एक हातभर लांब फळी बारा महिने लटकत असे. तिला एका ओळीत आठ भोके पाडलेली होती. प्रत्येक भोकाखाली तांबड्या रंगात एकपासून आठपर्यंत आकडे घातलेले होते, आणि फळीच्या डाव्या अंगाला, कलेक्टर कचेरीत उभे आयुष्य काढलेल्या अव्वल कारकुनाच्या वळणदार हस्ताक्षरात, 'रेडिएटरकडील बाजू' असा शेरा मारलेला होता. आल्यागेल्या पाहुण्यांपैकी कोणी ती फळी छत्र्या-काठ्या ठेवण्याची सोय समजत, कोणी मुलांचा एखादा खेळ समजत, आणि काका कोणाचाही समज दूर करण्याच्या भरीस पडत नसत. त्यांच्या फियाट गाडीच्या इंजिनाचे हेड उतरविण्याचा प्रसंग आला, की त्यातून निघणारे आठ पुशरॉड ज्या क्रमाने बाहेर येत त्या क्रमाने या भोकांत उभे केले जात, आणि पुन्हा इंजिनात उतरेपर्यंत त्यांना हात लावण्याची घरात कोणाला प्राज्ञा नव्हती.

हे आठही पुशरॉड दिसायला एकसारखे, लांबीला एकसारखे, एकाच कारखान्यात एकाच मापाने घडलेले. मग त्यांची अदलाबदल झाल्याने बिघडते काय, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता आणि मी तो विचारलाही होता. काकांनी उत्तरादाखल दोन पुशरॉड माझ्या हाती दिले आणि त्यांच्या टोकांवरून बोटाचे अग्र फिरवायला सांगितले. पुशरॉडचे खालचे टोक टॅपेटच्या वाटीत बसते आणि वरचे रॉकरला भिडते. गाडी हजारो मैल धावते तेव्हा हे टोक त्या एका वाटीतच हलत राहते, आणि दोन्ही धातू थोडे थोडे झिजून परस्परांच्या आकाराला येतात. कारखान्यातून आलेले आठ पुशरॉड खरोखर एकसारखे असतात, पण चाललेले आठ पुशरॉड आठ निराळ्या घरांत नांदलेले असतात. आता पाचव्याला दुसऱ्याच्या जागी बसविले तर तो बसेल, इंजिन चालेलही. पण जुळलेले एक अंग मोडून पुन्हा नव्याने झिजावे लागेल, आणि ती दुसरी झीज पहिलीइतकी निरुपद्रवी नसते. त्या दिवशी माझ्या बोटाला तो फरक जाणवला की काकांच्या भिडेखातर मी जाणवल्याचे मान्य केले, हे आज निश्चित सांगता येणार नाही.

ती गाडी म्हणजे फियाट 1100. फियाट कंपनीने 1953 साली जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात या नावाची जी नवी घडण मांडली, तिची वंशावळ आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात वाढली, आणि 1974 मध्ये तिचे नामकरण 'पद्मिनी' असे झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने पुढे इतके दीर्घायुष्य भोगले की शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरायला 2023 चा ऑक्टोबर उजाडावा लागला. परवाने आणि प्रतीक्षायाद्यांच्या त्या काळात गाडीसाठी अर्ज करून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि एकदा लाभलेली गाडी मोडीत काढण्याचा विचार, निदान मध्यमवर्गीय घरात, कोणाच्या मनाला शिवत नसे. गाडी जुनी होई, दुरुस्त होई आणि पुन्हा जुनी होई. शिवाय तिचे इंजिन घरी उघडावे असे वाटण्याइतके सुटसुटीत होते: लोखंडी ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचे हेड, 68 मिलिमीटर व्यासाची चार सिलिंडरे, त्यांत 75 मिलिमीटर खालीवर होणारे चार पिस्टन, आणि साऱ्यांचे मिळून आकारमान 1089 घनसेंटिमीटर. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा राही. आजकालच्या गाडीचे बॉनेट उघडून पाहावे तर काळ्या प्लॅस्टिकचे एक अखंड झाकण समोर येते, आणि ते पाहून आपण ते पुन्हा मुकाट्याने लावून घेतो.

काकांना यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. त्यांच्यापाशी होती ती दप्तरदारीची शिस्त, आणि इंजिन उघडण्याच्या कामी ती किती उपयोगी पडते हे मला फार उशिरा कळले. पाना लावण्यापूर्वी ते एक वही उघडीत. तिच्यात अनुक्रमांक, भागाचे नाव, निघाला ती जागा, स्थिती, आणि शेवटी शेरा, असे रकाने आखलेले असत. गुन्ह्याच्या जागी मुद्देमालाचा पंचनामा व्हावा तशा तपशिलाने प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर त्या वहीत दाखल होई आणि मगच रॉकेलच्या घमेल्यात पडे. या रॉकेलावरून काकूंची तक्रार कायमची होती, आणि रॉकेल शिधापत्रिकेवर मोजून मिळण्याच्या त्या दिवसांत ती रास्तही होती. "अहो, तुमच्या त्या यंत्राची आंघोळ होते, आणि माझ्या स्टोव्हला थेंब नाही," असे त्या पडवीच्या दारातून म्हणत. काका वहीतून मान न काढता "उद्या आणतो" म्हणत. आणि हा उद्या यथावकाश उगवे.

गाडी निळा धूर टाकू लागली तेव्हा मोठ्या कामाचा निर्णय झाला. धुराच्या रंगावरून रोग ओळखण्याची विद्या त्या काळी गल्लीतल्या पोरासोरांनाही अवगत होती: काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, पांढरा वाफाळ धूर म्हणजे पाणी आत शिरते, आणि निळा म्हणजे ऑइल जळते. ऑइल जळते याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा सिलिंडरची भिंत नीट पुसत नाहीत. हेड उतरले, काजळी खरवडून झाली, आणि काकांनी माझे बोट धरून पहिल्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून खालून वर फिरविले. तोंडापासून थोडे आत, जेथवर वरची रिंग येऊन परतते तेथे, बोट एका धारेला अडले. धारेच्या वरचा भाग कारखान्यातून आला तसाच कोरा होता, कारण तेथवर रिंग कधी पोहोचलीच नव्हती. आणि धारेच्या लगत खाली भिंत सर्वांत अधिक खोल झिजलेली होती.

ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पिस्टन ज्या मधल्या पट्ट्यात सर्वाधिक वेगाने धावतो तेथे भिंत अधिक झिजत असेल, अशी माझी स्वाभाविक समजूत होती. प्रत्यक्षात झीज अधिक होते ती तो जेथे थांबतो तेथे. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असता प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा, वर आणि खाली मिळून, क्षणमात्र निश्चल होतो; आणि वरच्या टोकाच्या त्या निश्चलतेत जळत्या वायूचा दाब रिंगेच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, उष्णतेने ऑइल पातळ झालेले असते, आणि ज्या गतीमुळे ऑइलचा पापुद्रा दोन धातूंमध्ये टिकून राहतो ती गतीच नेमकी त्या क्षणी नसते. धातू धातूला लागतो तो असा, विसाव्याच्या जागी. नोकरीतून निवृत्त झालेल्या कित्येक कर्तबगार माणसांचे पहिले वर्ष कसे जाते ते पाहताना मला त्या धारेची आठवण झालेली आहे. परंतु हा विषय वेगळा, आणि काका स्वतः निवृत्तीनंतर वीस वर्षे ठणठणीत होते.

ती धार जागेवर ठेवून नव्या रिंगा घालता येत नाहीत, कारण कोऱ्या कडेची नवी रिंग त्या पायरीवर आदळते आणि तुटते. धार खरवडून काढावी लागते. त्यानंतरचे काम मला त्याहून विलक्षण वाटले. वर्षानुवर्षे घासून सिलिंडरची भिंत आरशासारखी झालेली असते, आणि या गुळगुळीत भिंतीशी नवी रिंग मुळीच जमवून घेत नाही. म्हणून बारीक दगडाने त्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढाव्या लागतात. त्या ओरखड्यांत ऑइल थांबते, आणि त्यांचीच उंचवटे-शिखरे झिजवीत रिंग स्वतःही झिजते आणि भिंतीत बसते. जुन्याच्या ठायी नव्याला जागा मिळण्यासाठी जुन्याने आपली तकाकी गमवावी लागते, असे वाक्य काकांच्या तोंडी घालण्याचा मोह मला होतो, पण ते असे कधी बोलले नसते. ते म्हणाले, "चष्मा आण, आणि त्या दिव्याची वायर लांब कर."

व्हॉल्व्ह घोटण्याचे काम मात्र त्यांनी मला सोपविले, आणि साऱ्या खटाटोपातले अतिशय रमणीय काम हेच, असे माझे मत आजही कायम आहे. व्हॉल्व्हच्या कडेला करड्या रंगाची किंचित पेस्ट लावायची, तो आपल्या सीटवर ठेवायचा, त्याच्या माथ्यावर रबरी वाटी असलेली लाकडी काडी चिकटवायची, आणि दोन्ही तळव्यांमध्ये ती काडी रवी फिरवावी तशी उलटसुलट फिरवीत बसायचे. आरंभी खरखर असा स्पष्ट, कोरडा आवाज येतो; पेस्टमधले कण तुटून बारीक होतात तसा तो मृदू होत जातो; मधूनच व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून ठेवला की पुन्हा खरखर सुरू होते. दुपारच्या उन्हाने पत्रा तापून कडकडत असावा, रॉकेलचा आणि जुन्या ऑइलचा वास दाटलेला असावा, आणि आपल्या तळहातांखाली दोन धातूंनी एकमेकांवर हळूहळू एक अखंड, निस्तेज करडे वलय उमटवीत जावे, यात मनाला गुंगविणारे काहीतरी आहे. वलय तुटक असेल तर काम अपुरे. पूर्ण झाले की वरून रॉकेल ओतून पाहायचे. थेंब झिरपला नाही तर तो व्हॉल्व्ह त्या सीटचा झाला, आणि त्याच्यावर क्रमांक पडला.

इंजिनाच्या तळाशी पोहोचल्यावर असे दिसून आले की ही वाट आमच्या आधी कोणीतरी चालून गेलेले आहे. गाडी काकांनी दुसऱ्या हाताने घेतलेली होती. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंगवर जी कॅप बसते, तिच्या कुशीत आणि तिच्या समोर रॉडवर पंचाने ठोकलेले बारीक ठिपके होते: पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, असे चारपर्यंत. ही कॅप या रॉडची आहे आणि तिची ही बाजू या अंगाला येते, एवढी माहिती कोणा अनामिक मिस्त्रीने पुढच्या माणसासाठी तेथे नोंदवून ठेवली होती. काका ते ठिपके भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. नंतर झाकणाखालून पुठ्ठ्याचे एक गास्केट निघाले. कोणीतरी जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा झाकणाच्या कडेवर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने ठोकून कापलेले, आणि त्याच्या आतल्या अंगाला ऑइलने पारदर्शक झालेली एक एकादशी अद्याप वाचता येत होती. काकांनी ते वहीत चिकटविले. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले: 'काम चोख.'

नाना पेठेतून, सुट्या भागांच्या दुकानांच्या त्या दाटीतून, रविवारी एक वृद्ध मिस्त्री येत. काकांना ते रावसाहेब म्हणत, आणि काका त्यांना अहो मिस्त्री म्हणत. विचारल्यावाचून ते कशाला हात लावीत नसत. उपड्या खोक्यावर बसून चहा घेत आणि पाहत. गिअरबॉक्स खाली घेण्याच्या दिवशी मात्र त्यांना आगाऊ सांगावा गेला होता, कारण ती पेटी जड, आणि गाडीखाली उताणे पडून ती छातीवर झेलण्याचा प्रकार काकूंनी साफ नामंजूर केला होता. चाकांना ओंडके लागले, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली, मागच्या धुरीकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट सुटला, आणि जॅकच्या आधाराने पेटी इंचाइंचाने मागे सरकत खाली आली.

गिअर टाकताना आत चाके सरकून एकमेकांत अडकत असावीत, असे बहुतेकांना वाटते, आणि झाकण उघडेपर्यंत मलाही तसेच वाटत होते. पाहिले तेव्हा कळले की वरच्या गिअरांच्या तिरप्या दातांच्या जोड्या अहोरात्र एकमेकींत गुंतलेल्याच असतात. चालकाच्या हातातला दांडा फक्त एवढे ठरवितो की त्यांतील कोणत्या जोडीचा हुकूम शाफ्टवर चालावा. बाकीच्या जोड्या फिरत राहतात, अधिकाराविना. आणि अधिकारपालट होण्यापूर्वी एक लहानसा पितळी कडा मध्ये पडतो: तो फिरत्या चाकाच्या शंकूवर घासून दोघांचा वेग समान करतो, आणि वेग समान झाल्यावरच दात दातांत जाऊ देतो. घासणे हाच त्याचा धर्म, आणि त्यातच त्याचा अंत. आमच्या गाडीत दुसरा गिअर टाकताना जी करकर होई तिचे कारण झिजलेला हा कडाच होता. पहिल्या गिअरला त्या गाडीत असा मध्यस्थ नव्हता. त्यासाठी गाडी पुरती थांबावी लागे, आणि चढावर या नियमाचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

एका चाकाचे दोन दात उडालेले निघाले. काकांनी तेवढे एकच चाक आणण्याचा विचार बोलून दाखविला तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदाच चहाचा कप खाली ठेवला. "जोडीनं घ्या, रावसाहेब. नवं जुन्याबरोबर रडतं." जुन्या चाकाच्या दातांचा आकार आपल्या जुन्या सोबत्याच्या दातांवर घडलेला असतो, नव्या दाताला तो आकार परका, म्हणून आवाज. याच ओघात त्यांनी एक गोष्ट सांगितली, जिचा उलगडा मी पुढे कागदावर मांडून केला. दातांची संख्या ठरविताना कारागीर शक्यतो असे दोन आकडे निवडतात की ज्यांना समान भाजक नाही. उदाहरणार्थ 10 आणि 43. मग लहान चाकाचा कोणताही दात मोठ्याच्या त्याच दाताला पुन्हा भेटण्यापूर्वी बाकीच्या बेचाळीस दातांना भेटून येतो. संख्या 10 आणि 40 असती, तर दहातला प्रत्येक दात जन्मभर ठराविक चारांनाच भेटला असता, आणि एखाद्याचा बारीकसा दोष त्या चारांतच मुरत राहिला असता. पुशरॉडाला एकच घर लागते. दातांना सारे गाव फिरावे लागते. दोन्ही व्यवस्था एकमेकींपासून हातभर अंतरावर सुखाने चाललेल्या असतात, आणि यांतील कोणती श्रेयस्कर असे विचारणारा मनुष्य यंत्राकडून नको ते मागत असतो.

पेटी परत चढविताना क्लचप्लेट मधोमध धरून ठेवण्यासाठी सुताराकडून कातून आणलेला एक लाकडी शाफ्ट कामास आला. इंजिन बांधण्याच्या शेवटी हेडचे नट आवळायचे, तेही मध्यापासून सुरुवात करून टोकांकडे, थोडे थोडे, फेरीफेरीने. सोडताना क्रम उलटा. काका क्रमांक पुकारीत आणि मी पाना ओढीत असे.

गाडी सुरू झाली, निळा धूर गेला, आणि आता साताऱ्याला जायला हरकत नाही असे घरात सर्वानुमते ठरू लागले. काकांनी ते नामंजूर केले. मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लागली. कात्रजचा घाट आणि पुढचा खंबाटकीचा घाट नव्या रिंगांना वर्ज्य ठरला. सपाट रस्त्याने, ताण न देता, पण वेग अधूनमधून बदलीत, ते सकाळी सकाळी हडपसरकडे गाडी नेऊन आणू लागले. पहिले 500 मैल झाल्यावर ऑइल काढले, तेव्हा उन्हात धरलेल्या त्या काळ्या द्रवात सोन्यासारखी बारीक चमक तरळत होती. ती धातूची धूळ होती, नव्या जुन्यांची परस्परांतून निघालेली. "घर बसतंय," मिस्त्री म्हणाले.

राहिला तो टॅपेटचा एक हलका टकटक आवाज. पाचव्याचा. मिस्त्रींनी लांब पेचकसाचे टोक रॉकरच्या झाकणावर टेकविले, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि वाजू द्या म्हणाले. कारण मोकळा टॅपेट नुसता वाजतो, पण घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, टेकला नाही तर आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही, आणि जळून जातो. काकांचे म्हणणे, पुस्तकात दिलेल्या मापाची पट्टी त्या फटीतून बरोबर सरकते, मग आवाज का? मिस्त्रींनी तो रॉकर उलटा करून दाखविला. त्याच्या तोंडाला व्हॉल्व्हने झिजवून एक खळगा पाडलेला होता, आणि सपाट पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी पार होत होती; फट पट्टीने सांगितली त्याहून मोठी होती. म्हणजे आता माप कानाने घ्यायचे. पण किती वाजू द्यायचे? याला पुस्तकात आकडा नव्हता आणि मिस्त्रींपाशीही नव्हता. नवा रॉकर बसवावा, तर त्याला जुन्या व्हॉल्व्हशी पुन्हा पहिल्यापासून नांदावे लागणार.

काकांनी पाना हातात घेतला, एक चतुर्थांश वळण दिले, ऐकले, आणि त्यातले निम्मे परत घेतले. काकूंनी दारातून विचारले, "मग साताऱ्याला कळवू का?" काकांनी वही उघडली, पाचव्या क्रमांकापुढील शेऱ्याच्या रकान्यात 'आवाज: विचाराधीन' असे लिहिले, आणि कचेरीतल्या सवयीने खाली तारीख घालून सही केली.